बाबांसाठी राखलेला डी ड्राइव्ह

माझ्या वडिलांनी बावीस वर्षं काशीतल्या मराठी शिलालेखांची वाचनं जमवली, आणि एका रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी ती कीबोर्डावरचं एक अक्षर दाबून पुसून टाकली. विद्यापीठातल्या एका गृहस्थांशिवाय घराबाहेर मी हे कुणाला सांगितलेलं नाही. घरातही त्याविषयी एक-दोनदाच काय ते बोलणं झालं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दूधविनायकाच्या आमच्या गल्लीत आम्ही तिघं राहायचो. वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. आई, बाबा आणि मी. मी मुलींच्या इंटर कॉलेजात गणित शिकवायची. बाबा शाळेत संस्कृतचे मास्तर होते. रिटायर व्हायच्या कितीतरी आधीपासून त्यांना शिलालेखांचा नाद लागला होता. दक्षिणेतून, महाराष्ट्रातून आलेल्या लोकांनी इथे घाटाच्या पायऱ्या बांधल्या, देवळं बांधली, अन्नछत्रं चालवली आणि कोपऱ्यात कुठेतरी चार ओळींचा दगड बसवला. असा दगड दिसला की बाबा तो पाण्यानं धुवायचे, वाळला की त्यावर गव्हाचं पीठ चोळायचे, म्हणजे झिजलेली अक्षरं पांढरी उठून दिसत. मग गुडघे टेकून वहीत उतरवून घ्यायचे. कुणी एका विधवेनं आपल्या दोन वारलेल्या मुलांच्या नावे सात पायऱ्या बांधल्या, कुणी सावकारानं रोज अकरा ब्राह्मणांना जेवण ठरवून दिलं, असं काहीबाही त्यात असायचं. अशा तीनशे बारा दगडांच्या वह्या आमच्या कपाटात होत्या.

त्या वह्या कॉम्प्युटरवर घातल्या त्या आईनं. सिगरा भागातल्या एका जाहिरातवाल्यानं आपला जुना कॉम्प्युटर विकायला काढला तेव्हा मी तो घेतला, देवनागरीचं सॉफ्टवेअर टाकून आणलं, आणि बाबांना वाटलं मी टाइप करीन. मला कॉलेज, पेपर, शिकवण्या. आई एके दिवशी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मला दाखव, 'क' कुठे आहे." तिला तेव्हा अठ्ठावन्नावं वर्ष चालू होतं. बाबा वही हातात धरून वाचायचे आणि आई एका बोटानं टाइप करायची. एका दगडाची एक फाइल. दुपारी चहा होईस्तोवर दोन दगड व्हायचे. पहिल्या वर्षी आम्ही फ्लॉपीवर नकलाही केल्या होत्या. त्या पावसाळ्यात फ्लॉप्यांना पांढरी बुरशी लागली आणि मशीन त्या वाचेना. पुन्हा कुणी नवीन फ्लॉप्या आणल्या नाहीत. रोज उघडणारा कॉम्प्युटर समोर होता, त्यामुळे कुणाला गरजच वाटली नाही.

चार वर्षांत सगळं टाइप झालं. मात्र तोवर तो जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला होता. मधेच अडकायचा, आईची अर्धी फाइल खायचा. म्हणून जानेवारीत मी लहुराबीरच्या एका दुकानात नवा जुळवायला दिला. जुळवणारा रामनगरचा होता, तिशीतला, कामात चोख. त्यानं यादी वाचून दाखवली आणि हार्ड डिस्कपाशी थांबून म्हणाला, "दीदी, आठ जीबी. ज़िंदगी भर नहीं भरेगा."

जुन्या डिस्कवर जेमतेम पाचशे एमबी जागा होती. आठ जीबी म्हणजे तिच्या सोळापट. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं, "आणि आमचं सगळं मिळून किती आहे?"

"वीस एमबी असेल."

"मग उरलेल्यात काय ठेवायचं?"

या प्रश्नावर आम्ही आठवडाभर बोललो. मी एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं, नव्या डिस्कची विभागणी कशी करावी याचं. त्यात लिहिलं होतं की मोठी डिस्क अखंड ठेवू नये. एका भागात विंडोज ठेवावं, दुसऱ्यात आपलं काम. विंडोज बिघडलं आणि तो भाग पुसून नव्यानं भरायची वेळ आली तरी काम शाबूत राहतं. मला हे मनापासून पटलं. मी वहीत गणितं मांडली. आईच्या फाइली छोट्या, दोन-दोन पानांच्या. जुन्या पद्धतीनं भाग पाडले तर प्रत्येक छोट्या फाइलीमागे बरीच जागा वाया जाते, नव्या पद्धतीनं कमी जाते. मग भाग किती करायचे, दोन की तीन की चार?

आईचं म्हणणं एवढंच होतं की तिला हरवायला होऊ नये. "मला एकच जागा सांग, तिथेच सगळं. आज सी, उद्या डी, असं मला जमणार नाही."

बाबा म्हणाले, "एवढी मोठी ऐसपैस जागा मिळाली आणि त्यात भिंती कशाला घालतेस?"

"तुमचं काम जपायला," मी म्हटलं. "सी ड्राइव्ह विंडोजला. डी ड्राइव्ह फक्त तुमचा, तीन हजार एमबी. तिथे दुसरं काही जाणार नाही. ई मध्ये माझे पेपर आणि इतर."

बाबा थोडे हसले. त्यांच्या नावे कधी काही झालं नव्हतं. घर भाड्याचं होतं आणि सायकलसुद्धा शाळेतल्या सहकाऱ्याकडून आलेली. ते म्हणाले, "बरं, डी माझा."

शनिवारी हमालानं डोक्यावरून दोन खोकी आणली, कारण आमच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही. मागून रामनगरवाला आला. त्यानं सगळं जोडलं आणि डिस्कचा एकच भाग करायला निघाला. मी म्हटलं, राहू द्या, ते मी करीन.

तो म्हणाला, "दीदी, एक ही रखिए. ज़्यादा बाँटने में लोग ख़ुद ही भूल जाते हैं कि क्या कहाँ है."

मी त्याला माझं पुस्तक दाखवलं. त्यानं ते चाळलं, परत दिलं, आणि जाताना कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण उघडंच ठेवून गेला. जुनी डिस्क आत जोडून त्यातलं काम नव्यात घ्यायचं होतं, तेही मीच करणार होते. कसं करायचं ते त्यानं समजावून सांगितलं. जाताना एवढंच म्हणाला की पुराना वाला लगाने के बाद ज़रा देख लीजिएगा. काय बघायचं ते मी विचारलं नाही. मला वाटलं, तारा नीट बसल्यात का ते.

दुपारी मी डिस्कचे तीन भाग केले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि एकेक आकडा मी वहीतून बघून भरत होते. आई मागे उभी होती. सी तयार झाला, त्यावर विंडोज चढलं, आणि डी आणि ई साफ करून वापरण्याजोगे करायचे तेवढ्यात बत्ती गेली. ती संध्याकाळभर आली नाही. म्हटलं, उद्या.

रविवारी सकाळी मी आंघोळ करून, उदबत्ती लावून बसले, हे सांगताना आता मला लाज वाटते. जुनी डिस्क आत बसवली. मशीन सुरू केलं. ते म्हणालं, दोन डिस्क मिळाल्या. माझ्या हिशोबानं आता सी, डी, ई नव्या डिस्कचे आणि जुनी त्यांच्यानंतर, म्हणजे एफ. कालचं काम अर्धवट होतं. मी लिहिलं, फॉर्मॅट डी. मशीननं इंग्रजीत बजावलं की डी वरचं सगळं नष्ट होईल, पुढे जाऊ का, वाय की एन. डी वर काही नव्हतंच. मी वाय दाबलं.

मशीननं किती एमबी साफ करतोय तेही लिहिलं होतं. तो आकडा पाचशेच्या आसपास होता. तीन हजार असायला हवा होता. आकड्यांशी माझा रोजचा व्यवहार, मुलींच्या वह्यांत शून्य चुकलं तर मी लाल शाईनं गोल करायची, आणि समोरचा आकडा मी वाचला नाही. टक्के भराभर चढत होते. मला वाटलं नवं मशीन आहे, वेगवान आहे. या भागाला नाव काय द्यायचं असं विचारलं तेव्हा मी इंग्रजी अक्षरांत 'बाबा' असं लिहिलं. मग ई साफ केला. मग पुस्तकात सांगितल्याप्रमाणे विंडोजच्या सीडीतल्या फाइली हाताशी असाव्यात म्हणून डी वर उतरवून ठेवल्या. दहा मिनिटं लागली. ही दहा मिनिटं पुढे सगळ्यात महाग पडली.

मग मी एफ उघडला. मशीन म्हणालं, हा भाग अजून साफ केलेला नाही.

मला वाटलं, तार हललीय. मी मशीन बंद केलं, तार काढून पुन्हा बसवली, सुरू केलं. तेच उत्तर. तेव्हा मी पहिल्यांदा डी चा एकूण आकार पाहिला. पाचशे चौदा एमबी. त्याच्यावर नाव लिहिलेलं होतं, बाबा.

कळायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. मी पुस्तक उघडून ते पान शोधलं. ते होतं. दुसरी डिस्क जोडली की अक्षरांची नव्यानं वाटणी होते. मशीन आधी प्रत्येक डिस्कचा मुख्य भाग मोजतं आणि मगच बाकीचे. म्हणजे सी नव्या डिस्कला, डी जुन्या डिस्कला, आणि मी बाबांसाठी राखलेला भाग सरकून ई आणि माझा भाग एफ झालेला. हे सहा ओळींत स्पष्ट लिहिलं होतं आणि त्या पानापर्यंत मी वाचलंच नव्हतं. बघायचं म्हणून रामनगरवाला सांगून गेला होता ते हेच.

आई बाहेर वाटाणे सोलत होती. बाबा खिडकीत बसून पेपर डोळ्यांजवळ धरून वाचत होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही त्यांना बारीक अक्षर नीट दिसत नसे. मी खोलीच्या मध्ये उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, माझ्याकडून जुनी डिस्क पुसली गेली."

त्यांनी पेपर खाली केला. "पुसली म्हणजे? पाटी पुसतात तशी?"

"हो."

"सगळी?"

"सगळी."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती म्हणाली, "म्हणजे मी टाइप केलेलं?"

मी मान हलवली. ती उठली नाही, ओरडली नाही. तिनं आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "चार वर्षं गं."

मला काहीतरी बोलायचं होतं. मी घाईनं म्हटलं, "वह्या आहेत ना पण. मी बसते. मे महिन्याच्या सुट्टीत रोज सहा तास बसले तर वर्षात होईल. कॉलेजातून बिनपगारी रजा घेते. आई, तुला काही करावं लागणार नाही."

मी कपाटाशी गेले. वह्यांचा खालचा खण उघडला. त्यात आईच्या जुन्या साड्या घडी करून ठेवलेल्या होत्या.

"वह्या बाइंडिंगला गेल्यात," आई म्हणाली. "दिवाळीनंतर दिल्या ह्यांनी. अहो, आणल्या नाहीत का अजून?"

बाबा म्हणाले, "वह्या नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी शिंदे घाटावरून नाव केली आणि मधल्या धारेत सोडल्या."

एखाद्याला पायरी आहे असं वाटून पाऊल टाकावं आणि खाली काहीच नसावं, तसं मला झालं.

"तुम्ही मला बाइंडिंग म्हणालात," आई म्हणाली.

"म्हणालो."

"खोटं का सांगितलंत?"

"तू नको म्हणाली असतीस."

मग त्यांनी सांगितलं. वह्यांना कसर लागली होती, पानं चाळणीसारखी झाली होती. त्यांना स्वतःचंच अक्षर आता वाचता येत नव्हतं, पडद्यावरचं मोठं केलं की येत होतं. प्रत्येक दगडाची पहिली ओळ 'श्री' असते, तेव्हा त्या रद्दीत घालणं शक्य नव्हतं. त्यांच्या वडिलांनीही जीर्ण झालेल्या पोथ्या अशाच गंगेला दिल्या होत्या. "आणि तू म्हणालीस ना गणपतीत," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "की आता हे कायमचं झालं, वह्यांची गरज उरली नाही."

त्यांच्या आवाजात ठपका नव्हता. मी खरंच तसं म्हटलं होतं. मोदक वळताना, सहज.

त्यानंतर आई बोलली ते सगळं बाबांना बोलली, मला काही नाही. बावीस वर्षं घराबाहेर दगडांपाशी घालवलीत, मी कधी विचारलं नाही. डोळे गेले तसं मी तुमचा हात झाले. आणि जे आपल्या दोघांचं होतं ते तुम्ही मला न विचारता पाण्यात टाकून आलात. ती हे शांतपणे, एकामागून एक बोलली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं वाटाण्यांचा भात टाकला. आम्ही तिघं जेवलो.

जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, "पाटी पुसली तरी तिरकी धरली की थोडं दिसतं. तसं काही नसतं का यात?"

मला माहीत नव्हतं. सोमवारी मी रजा टाकली आणि जुनी डिस्क लोकरीच्या शालीत गुंडाळून विद्यापीठात गेले. तिथल्या कॉम्प्युटर विभागात माझ्या एका मैत्रिणीच्या ओळखीचे एक दक्षिण भारतीय गृहस्थ काम करत. वयस्क, कमी बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, फॉर्मॅट करण्यानं पाटी पुसली जात नाही, फक्त अनुक्रमणिका फाटते. पानं तिथेच असतात. मला रडू फुटलं. ते थांबले, मग त्यांनी विचारलं, "फॉर्मेट के बाद इस पर कुछ लिखा तो नहीं?"

मी म्हटलं, विंडोजच्या फाइली उतरवल्या.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कितने?"

"शंभर एमबीच्या वर."

त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की मी दोनदा पुसलं होतं, आणि दुसरं पुसणं खरं होतं. नव्या फाइली डिस्कच्या सुरुवातीपासून बसत गेल्या. आईनं सगळ्यात आधी टाइप केलेलं तिथेच होतं.

त्यांना नऊ दिवस लागले. रोज कॉलेज सुटलं की मी जायची आणि त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायची. चौथ्या दिवशी त्यांनी मला आत बोलावून पडद्यावर एक फाइल दाखवली. तिच्यात रोमन अक्षरं, प्रश्नचिन्हं आणि कंस यांचा नुसता काला होता. "ये आपका है?" मला सांगता येईना. मग त्यांनी ती आमच्या देवनागरी सॉफ्टवेअरमधून उघडली आणि त्या काल्याचं 'श्री' झालं. त्याखाली पंचगंगा घाटाच्या बाजूच्या एका पायरीची नोंद होती, आणि शेवटी कंसात आईनं स्वतःहून लिहिलेलं होतं, 'इथे ह्यांचा पाय घसरला होता.' बाबांनी वाचून दाखवलं नसेल ते. मी ते पाहिलं आणि पहिल्यांदा मला वाटलं की काही तरी उरलंय.

एकशे नव्वद दगड परत आले. काहींचे शेवट तुटलेले होते. एकशे बावीस आले नाहीत.

घरी मी यादी वाचून दाखवली. बाबा डोळे मिटून ऐकत होते. जो दगड यादीत नाही त्याचं ठिकाण ते स्वतःच सांगत आणि मी खूण करत गेले. आई म्हणाली, "पाठ आहेत की तुम्हाला. सांगा, मी घालते पुन्हा."

बाबांना त्यातले कितीतरी खरंच पाठ होते. पण ते नाही म्हणाले. "आठवणीतून सांगितलं तर ते माझं होईल. दगडाचं राहणार नाही."

"आता तरी हट्ट सोडा."

"हा हट्ट नाही," ते म्हणाले. "दगडासमोर बसून वाचलं तरच वाचन."

तेव्हा मला त्यांचा राग आला. एवढं सगळं गेल्यावर माणूस मिळेल ते धरून ठेवतो, असं मला वाटायचं. पण त्या फेब्रुवारीत त्यांनी काठी घेतली, मी पिठाची पुडी आणि पाण्याची बाटली घेतली, आणि आम्ही दोघं पुन्हा घाटावर गेलो. सकाळी ऊन तिरकं असतं तेव्हाच अक्षरं दिसतात, म्हणून कॉलेजच्या आधी दीड तास. पूर्वी ते वाचायचे आणि उतरवायचे. आता मी वाचत होते आणि ते माझ्या चुका काढत होते. मला जिथे 'व' दिसे तिथे ते बोट फिरवून म्हणायचे, "नाही, 'ब' आहे. पोटात रेघ आहे, लागते हाताला." मी तोवर कधी त्यांच्याबरोबर गेले नव्हते. बावीस वर्षं हा माणूस काय करत होता ते मला चाळिशीच्या उंबरठ्यावर कळलं.

सगळ्यात मोठा धक्का मला तिथे बसला. दगड जागेवर असतील, आपण फक्त पुन्हा जायचं, असं मी धरून चालले होते. एका छोट्या शंकराच्या देवळाच्या उंबऱ्याचा दगड होता, त्यावर गुलाबी फरशी बसलेली. एका धर्मशाळेच्या भिंतीवर ऑइल पेंटचे इतके हात दिलेले की अक्षरांची जागा गुळगुळीत झाली होती. एका ठिकाणी पायऱ्याच नव्या सिमेंटच्या. तिथे एक पंडा बसला होता. बाबांनी विचारलं, इथे एक लेख होता, काय झालं त्याचं? तो म्हणाला, "मास्टर साहब, आपके लिखने के बाद ही तो उखड़ा. हमने सोचा, आपके पास तो है ही."

बाबांनी सिमेंटवर हात ठेवला. मी दुसरीकडे बघत राहिले. त्या विधवेच्या सात पायऱ्यांचा दगडही अशाच गेलेल्या दगडांत होता.

दोन वर्षं आम्ही जात राहिलो. एकशे बावीसपैकी एक्याऐंशी दगड पुन्हा वाचून झाले. आई पुन्हा टाइप करत होती, नव्या कॉम्प्युटरवर. मी डिस्कचे सगळे भाग मोडून एकच केला होता, आणि दर शनिवारी नक्कल करून ती कॉलेजातल्या माझ्या कपाटात ठेवायची. मग या वाचनांचं पुस्तक करायचं ठरलं; उरलेल्या एक्केचाळीस दगडांसाठी बाबांनी त्यात फक्त ठिकाण लिहिलं आणि पुढे 'वाचन उपलब्ध नाही'. बराचसा मजकूर त्यांना येत असूनही लिहिला नाही.

पुस्तक इथल्याच एका छापखान्यात छापलं, प्रती थोड्याच. प्रस्तावना बाबांनी आईला सांगितली आणि आईनं घातली, त्यामुळे ती मी पहिल्यांदा पाहिली ती प्रुफात. छापखान्याच्या स्टुलावर बसून वाचताना मी एका वाक्याशी थांबले. त्यांनी लिहिलं होतं की काही दगडांची वाचनं 'लेखकाच्या हलगर्जीपणामुळे' नष्ट झाली, कारण मूळ वह्या त्यानं स्वतः विसर्जित केल्या. कॉम्प्युटरचा उल्लेख कुठेच नव्हता. माझाही.

मी प्रुफं घेऊन तशीच घरी आले. "हे बदला," मी म्हटलं. "हे असं झालेलं नाही."

"वह्या मी सोडल्या ना?"

"सोडल्यात. पण पुसलं मी."

"वह्या असत्या तर तुझं पुसणं एक वर्षाचं काम झालं असतं, बस. नुकसान माझं आहे."

मी आईकडे पाहिलं. मला वाटलं ती तरी म्हणेल, कारण त्या रविवारी ती त्यांना बोलली होती तशी मी तिला आयुष्यात कधी ऐकली नव्हती. ती म्हणाली, "मी घातलंय ते विचार करूनच घातलंय. ह्यांना सांगायचं होतं, सांगू दे."

"आणि माझी चूक?"

"प्रस्तावना त्यांची आहे," आई म्हणाली. "तुझं तू कधीतरी लिही."

पुस्तक तसंच छापलं. बाबा त्यानंतर तीन वर्षांनी गेले आणि आई परवा-परवापर्यंत होती. अभ्यासक त्या पुस्तकाचा उल्लेख करतात तेव्हा कधी कधी त्या वाक्याचाही करतात. एकानं तर एका लेखात असं लिहिलं की जुन्या पिढीतल्या पंडितांना मूळ साधनांची किंमत नव्हती. तो लेख मी दोनदा वाचला. बाबांचं वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते अपुरं आहे, आणि त्याचा उरलेला अर्धा भाग हा.